वेबसाइटचे चार लाख आणि लोकांकडे अडकलेले अकरा लाख

पत्र थोडक्यात असं: "मी आर्किटेक्ट आहे, वय 36. सहा वर्षांपासून स्वतःचं ऑफिस चालवते. महिन्याला सरासरी सव्वा लाख जमा होतात, पण कधी कधी दोन-तीन महिने काहीच येत नाही. घरखर्च 50 हजार, ऑफिसचं भाडं आणि ड्राफ्ट्समनचा पगार मिळून 40 हजार. घरात आई आणि सहा वर्षांची मुलगी आहे, कमावणारी मी एकटीच. बचत 60 हजार. वर्षाला एक लाख हप्त्याची 20 वर्षांची विमा पॉलिसी आहे, चार हप्ते भरलेत. येणी साधारण 11 लाख आहेत, पण क्लायंट ओळखीचे असल्याने तगादा लावता येत नाही. माझ्या कामाची पोर्टफोलिओ वेबसाइट करायची आहे. एका एजन्सीने डिझाइन, ड्रोनचं शूटिंग आणि तीन वर्षांची देखभाल धरून चार लाख सांगितलेत. गूगलवर पहिल्या पानाची हमी आहे, दीड वर्षात पैसे दुप्पट होऊन निघतील असं म्हणतात. सवलत शुक्रवारपर्यंतच आहे. 15 टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेऊ की पॉलिसी मोडू?"

दोन्ही नको. कर्जाचा हिशोब सोपा आहे. चार लाख, 15 टक्के, तीन वर्षं म्हणजे महिना जवळपास 14 हजार हप्ता आणि एकूण परतफेड पाच लाख. एका कामातून खर्च वजा जाता तुमच्या हाती सव्वा-दीड लाख उरत असतील, तर फक्त वेबसाइट फेडायला चार जादा कामं लागतील, तीही पूर्ण फी वसूल झालेली. गूगलवर पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. जी एजन्सी पहिल्या पानाची हमी देते, तिच्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवणार नाही.

आता ज्या वाक्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात, त्याकडे येते. येणी 11 लाख. वर्षाला तुमच्याकडे 15 लाख जमा होतात, म्हणजे जवळजवळ नऊ महिन्यांची कमाई लोकांच्या खिशात आहे. ती तुम्ही बिनव्याजी दिली आहे आणि स्वतःसाठी मात्र 15 टक्क्यांनी पैसे उचलायला निघाला आहात. याच दराने 11 लाखांचं व्याज महिन्याला 14 हजारांच्या घरात जातं, म्हणजे तुमच्या होऊ घातलेल्या हप्त्याइतकंच. घर आणि ऑफिस मिळून महिन्याला 90 हजार लागतात. 60 हजारांवर तीन आठवडेसुद्धा निघत नाहीत. ही परिस्थिती कामं कमी असल्यामुळे आलेली नाही. केलेल्या कामाचे पैसे न मागितल्यामुळे आली आहे, आणि वेबसाइटने आणखी कामं आणली तर याच पद्धतीने येणी पंधरा लाखांवर जातील.

पत्राच्या शेवटी तुम्ही एका घराबद्दल लिहिलं आहे, ते मी दोनदा वाचलं. मधल्या चौकात उजेड उतरवणारा जिना, मालकांनी तीनदा बदलायला लावला, तिन्ही वेळा वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे प्रत्यक्ष बांधकामासाठीचा तपशीलवार नकाशा, नव्याने काढलं, त्याची वेगळी फी लावली नाही. आता ते लोक तिथे राहायला गेलेत आणि तुमचे दोन लाख चाळीस हजार बाकी आहेत. वेबसाइटवर पहिलं चित्र याच घराचं हवं, असं तुम्ही म्हणता. काम खरोखर चांगलं असणार, पण त्यातली सगळ्यात मोठी चूक हिशोबाची आहे. राहायला गेलेल्या माणसाला आर्किटेक्टची शेवटची रक्कम देण्याची घाई नसते. फी टप्प्यांवर घ्यायची असते: काम सुरू होण्याआधी आगाऊ, संकल्पना पक्की झाल्यावर, परवानगीचे नकाशे देण्याआधी, वर्किंग ड्रॉइंग हातात ठेवण्याआधी, मग बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे साइट व्हिजिटची. घर पूर्ण होईल तेव्हा जेमतेम पाच टक्के उरलेले असावेत. मंजूर झालेल्या आराखड्यात दुसऱ्यांदा बदल झाला की जादा फी, हे सुरुवातीच्या लेखी करारात असू द्या. ओळखीच्या माणसाबरोबर करार आधी करा. त्याच्याकडे नंतर पैसे मागणंच तुम्हाला जड जातं.

या आठवड्यात येण्यांची यादी करा, सगळ्यात जुनी वर. प्रत्येकाला बिल पुन्हा पाठवा, सोबत कोणत्या तारखेला किती बाकी आहे याचा साधा तक्ता. मग फोन करा. एकरकमी जमत नसेल तर तीन हप्ते, पण तारखा लेखी घ्या. ज्यांचं काम अजून चालू आहे, त्यांना आधीची बाकी चुकती झाल्याशिवाय पुढचं ड्रॉइंग देऊ नका. सगळे 11 येणार नाहीत. आठ आले असं धरू. त्यातले साडेतीन लाख, म्हणजे जवळपास चार महिन्यांचा खर्च, लगेच काढता येतील अशा ठेवीत वेगळे ठेवा. वेबसाइट या आठ लाखांतूनच होईल, कर्जाशिवाय, आणि तिच्यासाठी 80 हजारांच्या वर जाऊ नका.

पॉलिसीबद्दल. एजंटने सांगितलंय की 20 लाख भरून 34 लाख मिळतात, म्हणजे 70 टक्के नफा. 20 वर्षांवर पसरलेला हा परतावा वर्षाला पाच टक्केही होत नाही. विमा संरक्षण 10 लाखांचं, म्हणजे घरखर्चाचे वीस महिने. एकट्या कमावत्या आईला असं उत्पादन विकणाऱ्याचा मला राग येतो. पण वेबसाइटसाठी ती मोडू नका. आधी घरखर्चाच्या पंधरा-वीस वर्षांना पुरेल असा शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या, तो हातात आल्यावर कंपनीकडून आत्ताची सरेंडर रक्कम, म्हणजे पॉलिसी मोडल्यास हाती येणारे पैसे, आणि पुढचे हप्ते थांबवले तर मुदतीअखेर किती मिळेल, हे दोन्ही आकडे लेखी मागवा. मग ठरवू.

आणि वेबसाइट. तुम्हाला 23 प्रकल्प टाकायचे आहेत. सहा पुरेत. प्रत्येकात तीन-चार फोटो, एक प्लॅन, एक सेक्शन (इमारतीचा उभा छेद दाखवणारं ड्रॉइंग), आणि तुमचं नेमकं काम काय होतं याच्या दोन ओळी. आधीच्या नोकरीतलं काम टाकायचं असेल तर त्या ऑफिसची परवानगी घ्या आणि त्यांचं नाव लिहा. रेंडर, म्हणजे संगणकावर तयार केलेलं चित्र, असेल तिथे तसं लिहा. न बांधलेलं घर बांधलेलं म्हणून दाखवलं तर जाणत्या क्लायंटच्या लक्षात येतं. खर्च करायचा तो फोटोंवर करा. चांगल्या फोटोग्राफरकडून एका दिवसात दोन घरांचे फोटो काढून घ्या, आणि फोटो वेबसाइटवर कायम वापरण्याचा हक्क लेखी घ्या. घराच्या आतले फोटो वापरायला मालकाचीही परवानगी लागते. ती नव्या करारात घाला. जिन्याच्या घराची बाकी मागताना मात्र फोटोंचा विषय काढू नका, नाहीतर फोटोंच्या बदल्यात फी सोडण्याची बोलणी सुरू होतील.

सुरुवातीचं बॅनर-व्हिडिओ आणि ड्रोन वगळा. क्लायंट फोनवरच बघतो. पाच-सहा एमबीचा एक फोटो उघडेपर्यंत तो निघून जातो. छायाचित्रं चारशे-पाचशे केबीपर्यंत आणली तरी रेषा स्वच्छ दिसतात.

एजन्सीच्या पत्रात एक ओळ आहे, तीन वर्षांनी नूतनीकरण न केल्यास साइट बंद होईल. याचा अर्थ डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट जिथे ठेवली जाते ती जागा) बहुधा त्यांच्या नावावर राहणार. शुक्रवारची सवलत जाऊ द्या. डोमेन मात्र आजच स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने नोंदवा. त्याचा वर्षाचा खर्च किरकोळ असतो, आणि ते दुसऱ्या कुणी घेतलं तर परत मिळवणं फार अवघड जातं.