दुचाकीवरून पडून करंगळीखाली सूज आलीय. हाड मोडलंय का हे सोनोग्राफीत कळेल का?

कळतं, पण सोलापुरात असाल तर आधी साधा एक्स-रेच काढा. स्वस्त असतो आणि सांधा, तुकडे सगळं एकदम दिसतं. मी इथे एक्स-रे विभागातच काम करतो. सोनोग्राफीत हाडाची वरची कड सलग पांढऱ्या रेघेसारखी दिसते. मोडलं असेल तर त्या रेघेला पायरी पडते. तळहाताच्या हाडांना हे चांगलं जमतं. सुजेवर प्रोब (सोनोग्राफीत कातडीवर फिरवतात ते हातातलं यंत्र) टेकवणं सहन होत नसेल तर हात पाण्याच्या टबात बुडवून, प्रोब कातडीपासून जरा लांब धरूनही बघता येतं. मात्र अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल तर सावध: तिथलं स्कॅफॉइड हे मनगटातलं छोटं हाड मोडलेलं सोनोग्राफीतच काय, पहिल्या एक्स-रेतही निसटू शकतं. तेव्हा डॉक्टर हात बांधून 10-14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात, नाहीतर एमआरआय सांगतात.