गोव्याच्या पावसाळ्यात ड्रायर: कंडेन्सर की हीट पंप?

प्रश्न: मडगावात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही पाच माणसे राहतो. घरात दीड वर्षाचे मूल आहे आणि सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे रोज एक धुणे निघतेच. जून लागला की चतुर्थी होईपर्यंत कपडे धड वाळत नाहीत. पंख्याखाली दोन दिवस ठेवूनही कुबट वास राहतो. भिंतीला भोक पाडून नळी बाहेर काढू देण्यास सोसायटी तयार नाही, म्हणून कंडेन्सर किंवा हीट पंप यांपैकीच एक ड्रायर घ्यावा लागेल. दुकानात दोहोंच्या किमतींत २०,००० रुपयांचा फरक सांगितला. ड्रायर सासूबाईंच्या खोलीला लागून असलेल्या पॅसेजमध्ये ठेवणार आहोत. कोणता घ्यावा?
— एक वाचक, मडगाव

उत्तर: आपल्या घरासाठी हीट पंप घ्यावा, असे आमचे मत आहे. दुकानदार तो विजेचे बिल वाचते म्हणून सुचवत असेल, तर त्या कारणापुरता आधी हिशेब मांडून पाहावा, कारण आपल्या बाबतीत तो फारसा जमत नाही.

दोन्ही यंत्रांत फिरत्या ड्रममधून गरम हवा जाते, ती कपड्यांतले पाणी उचलते, पुढे थंड होऊन ते पाणी सोडते आणि पाणी टाकीत साठते. फरक आहे तो उष्णता कुठून येते आणि कुठे जाते, यात. कंडेन्सर ड्रायरमध्ये दोन-अडीच किलोवॉटचा हीटर हवा तापवतो, आणि ओली हवा थंड करण्यासाठी खोलीतलीच हवा वापरली जाते. म्हणजे विजेवर निर्माण केलेली जवळजवळ सगळी उष्णता शेवटी खोलीत येऊन पडते. हीट पंपात फ्रिजसारखा कंप्रेसर असतो. ओल्या हवेतली उष्णता तो थंड बाजूला काढून घेतो आणि तीच गरम बाजूने पुन्हा ड्रमकडे जाणाऱ्या हवेला देतो. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिटाच्या जवळपास उष्णता लागते, हे टळत नाही. हीट पंप तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरतो, म्हणून त्याला वीज कमी लागते.

पाच किलो सुती कपडे वॉशिंग मशीनमधून बाहेर येतात तेव्हा त्यांत सुमारे तीन लिटर पाणी असते. ते वाळवायला कंडेन्सरला ३ युनिटे आणि हीट पंपाला सव्वा युनिटाच्या आसपास वीज लागेल, असे धरू. रोज एक धुणे आणि चार महिन्यांचे १२० दिवस धरले, तर वर्षाला सुमारे २१० युनिटे वाचतात. हिशेबासाठी युनिटाला ५ रुपये धरले, तर ही बचत १,०५० रुपयांची होते. २०,००० रुपयांचा फरक या गतीने भरून निघायला एकोणीस वर्षे लागतील, आणि तेवढी वर्षे कोणता ड्रायर टिकेल, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरीही आम्ही हीट पंप सुचवतो तो आपण निवडलेल्या जागेमुळे. जुलैत पाऊस कोसळत असताना खिडक्या बंद असतात, बाहेरच्या हवेतली आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असते, आणि अशा वेळी कंडेन्सर ड्रायर चालवणे म्हणजे त्या पॅसेजमध्ये दोन किलोवॉटचा हीटर दीड तास पेटवून ठेवण्यासारखे आहे. थंड देशांत हिवाळ्यात ही उष्णता कुणाला नकोशी होत नसेल. आपल्याकडे ती अंथरुणावरच्या माणसाच्या अंगावर येते. एसी लावून ती बाहेर काढायची म्हटली, तर त्यासाठी पुन्हा वीज जाते. शिवाय खोली जितकी तापेल तितकी कंडेन्सरची थंड करण्याची ताकद घटते आणि थोडी वाफ खोलीतच राहते, ज्यामुळे भिंतींना बुरशी धरण्याची भीती वाढते. हीट पंपसुद्धा खोली तापवतो, पण तेवढ्याच कपड्यांमागे निम्म्याहून कमी, आणि तीही जास्त वेळात विभागून.

वेळ मात्र त्याला लागतो. कंडेन्सरला जिथे दीड तास पुरतो, तिथे हीट पंप अडीच तास घेऊ शकतो. रोज एकच धुणे असेल तर याने काही अडू नये. त्यातली हवाही तुलनेने कमी, साधारण ५० ते ५५ अंशांपर्यंत तापते, म्हणून लहान मुलाच्या कपड्यांना आणि इलॅस्टिकला ते मानवते.

परदेशी लेखांत हीट पंप ड्रायर थंड गॅरेजमध्ये नीट चालत नाही, असे वाचायला मिळते. गोव्यात ती अडचण नाही. आपली अडचण उलट टोकाची आहे. बहुतेक माहितीपुस्तिकांत खोलीचे तापमान ३५ अंशांच्या आत असावे, असे सांगितलेले असते, त्यामुळे पत्र्याखालच्या बंद कोठीत किंवा दारे लावलेल्या कपाटात तो ठेवू नये. आणल्याबरोबर लगेच सुरूही करू नये. वाहतुकीत आडवा झाला असेल तर कंप्रेसरमधले तेल जागेवर येण्यासाठी तो पुस्तिकेत सांगितले असेल तितके तास उभा ठेवावा. जाळीवर साठणारे कपड्यांचे बारीक तंतू प्रत्येक धुण्यानंतर काढावेत. ही सवय ज्या घरात लागत नाही, तिथे तंतू आतल्या पातळ पत्र्यांच्या जाळीत जाऊन बसतात, वाळायला लागणारा वेळ वाढत जातो आणि यंत्र खराब आहे असा समज होतो. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा त्या पत्र्यांना आणखी त्रास देते, म्हणून उघड्या गॅलरीत ड्रायर ठेवणे टाळावे.

खरेदीच्या वेळी एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. पाणी टाकीत साठवणाऱ्या दोन्ही प्रकारांना काही दुकानांत सरसकट ‘कंडेन्सर’ म्हटले जाते. यंत्रामागच्या पट्टीवर दोन हजार वॉटच्या वरचा आकडा असेल तर त्यात हीटर आहे. हजाराच्या आतबाहेर असेल आणि शीतक वायूचे नाव व त्याचे ग्रॅममधले वजन छापलेले असेल तर तो हीट पंप. स्वित्झर्लंडमध्ये २०१२ पासून आणि युरोपीय संघात जुलै २०२५ पासून हीटरवर चालणारे नवे कंडेन्सर ड्रायर नियमांमुळे बाजारात येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आपल्याकडे हवेशीर मागची खोली असती आणि आठवड्यातून दोनच धुणी वाळवायची असती, तर आम्ही कंडेन्सर घ्या असेच सांगितले असते. कोणताही घेतला तरी वॉशिंग मशीन कपड्यांना सोसेल तितक्या वेगाने पिळून घ्यावे. ८०० ऐवजी १४०० फेऱ्यांवर पिळले, तर पाच किलो सुती कपड्यांतून जवळपास एक लिटर पाणी जास्त निघते, आणि तेवढे पाणी वाळवायला लागणारी वीज दोन्ही यंत्रांत वाचते.

प्रश्न: ड्रायरच्या टाकीतले पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालता येईल का? आणि वीज गेल्यावर ड्रायर इन्व्हर्टरवर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर: दोन्हींचे उत्तर नाही असे आहे. टाकीतले पाणी वाफेपासून झालेले असले तरी त्यात कपड्यांचे तंतू आणि साबणाचा अंश मिसळतो. बॅटरीला बाजारात मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच घालावे आणि टाकीतले पाणी लादी पुसायला वापरावे. हीटरचा भार घरगुती इन्व्हर्टर पेलू शकत नाही, आणि हीट पंपाचा आकडा कागदावर लहान दिसला तरी कंप्रेसर सुरू होतानाचा झटका आणि अडीच तासांची मागणी साध्या बॅटरीच्या आवाक्याबाहेरची असते. वीज मध्येच गेली तर ड्रायर बंद करावा, कपडे ड्रममध्ये दाबून न ठेवता बाहेर मोकळे पसरावेत आणि वीज स्थिर झाल्यावर काही मिनिटे थांबून तो पुन्हा लावावा.