गुरुवार सोडू नकोस

तुझं चार पानी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना चिडचिड झाली, म्हणून उत्तर आठवडाभर अडवून ठेवलं. अजून पुरती गेलेली नाही, तेव्हा सांभाळून घे.

रुग्णालयाच्या वॉर्डात रुग्णांशी बोलायला तू दोनच गुरुवार गेलीस. दुसऱ्या गुरुवारी चौदा नंबरच्या बेडवरच्या आजी म्हणाल्या, "नुसतं बोलाया आलीस व्हय? कागद कुठं आडकलाय त्ये बघ की." आणि तू जिन्यात जाऊन रडलीस. आता म्हणतेस, समुपदेशनाचा आणखी एक सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स करते, तयारी झाली की जाते.

अगं, कसली तयारी? तीन सर्टिफिकेटं आहेत तुझ्याकडे. एनएसएसचे, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे, दोन वर्षांतले 240 तास भरलेस, सह्याशिक्क्यांनिशी. आणि आजींनी तुला सरळ काम सांगितलं, तर तुला वाटलं हाकललं! रेशनकार्डावर एक नाव, आधारवर दुसरं, म्हणून मोफत उपचारांच्या जन आरोग्य योजनेत प्रकरण अडकलं असेल. मुलगा ऊसतोडीला गेला असेल. खाली आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्याच्या, खिडकीशी उभं राहायला सुनेला वेळ नसेल, नाहीतर भीती वाटत असेल. तू उभी राहा तिच्यासोबत. झेरॉक्सच्या रांगेत ती तुझ्याशी जे बोलेल, ते खुर्ची ओढून "कसं वाटतंय, सांगा" असं विचारल्यावर जन्मात बोलणार नाही. पण एकदा उभं राहून भागत नाही. पुढच्या गुरुवारी जायचं, त्याच्या पुढच्याही.

लंडनच्या चाड वराह या पाद्र्याची गोष्ट तुमच्या कोर्समध्ये सांगतात का? जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठी त्याने 1953 साली फोन सुरू केला. त्याला भेटायला आलेले लोक बाहेर ताटकळायचे, त्यांना चहा द्यायला आणि सोबत बसायला साधे स्वयंसेवक होते. हळूहळू त्याच्या लक्षात आलं, की चहा पिता पिता मन मोकळं करून काही जण त्याला न भेटताच निघून जातात. 1954 मध्ये त्याने फोन त्या चहावाल्यांच्याच हाती दिला. तीच समॅरिटन्स ही संस्था. मी ही गोष्ट विशीत ऐकली आणि त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, की साध्या माणसालाही हे जमतं. ती साधी माणसं आपल्या पाळीला तिथे असायची, हे डोक्यातच शिरलं नाही. (पुढे त्यांनाही निवडून, शिकवूनच घेऊ लागले, माहीत आहे मला. कोर्सशी माझं वैर नाही. कोर्सच्या आड लपण्याशी आहे.)

डोक्यात शिरलं ते 1998 मध्ये. समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू करत होते, फील्डवर्क सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात, दर गुरुवारी. एक काका होते, मधुमेह, पायाची तीन बोटं काळी पडलेली. डॉक्टर राउंडला येऊन "गुडघ्याखाली काढावा लागेल" एवढं सांगून पुढच्या बेडकडे गेले. मी तासभर बसले. घरात कोण, शेत किती, बैल कोण बघतं, सगळं ऐकलं. गुडघा शाबूत राहिला तर जयपूर फूट लावून चालणं बरंच सोपं जातं, हेही सांगितलं. ते म्हणाले, "बेस्तरवारी येतीस न्हवं? तवा सही करतो." मी म्हटलं, येते.

नाही गेले. शहरात कार्यशाळा होती, विषय सक्रिय श्रवण. हसू नकोस. सुवाच्य अक्षरात बारा पानं टिपणं काढली, वही अजून आहे.

त्याच्या पुढच्या गुरुवारी गेले तर पाय मांडीतून काढलेला. सिस्टर म्हणाल्या, "सगळ्यांनी सांगितलं, पण सही करीनात. ती पोरगी आली की करतो, म्हणायचे. रविवारी ताप चढला, मग घाईत न्यावं लागलं." काका मला एवढंच म्हणाले, "कुठं गेलतीस?" रागाने नाही. गावाकडचं माणूस बाजारात भेटल्यावर विचारतं तसं.

आता माझी बाजूही ऐक. मी बावीस वर्षांची होते. पाय वाचवणं माझं काम नव्हतं. माणसाला नीट बसून समजावणं हे त्या वॉर्डातल्या मोठ्यांचं काम होतं, आणि त्यांनी ते केलं नाही, हे मी आजही म्हणते. पुढे एका सर्जनने मला सांगितलं, संसर्ग तसाही वर सरकला असता. असेलही. त्याला काय, तो समोर बसलेल्या बाईचं तोंड बघून बोलत होता. मला एवढंच माहीत आहे, की "येते" मी म्हटलं होतं.

तेव्हापासून गुरुवार सोडलेला नाही. भाचीच्या साखरपुड्याला संध्याकाळी सहाला पोहोचले, तोवर मांडव उतरवत होते. बहीण अजून बोलून दाखवते. तिचं बरोबर आहे, आणि मी पुन्हा तसंच करीन.

तू विचारलंस, दुसऱ्याचं ऐकायचं कौशल्य येतं कसं. वार पाळून येतं. टीबीच्या वॉर्डातून घरी गेलेला एक तरुण दर गुरुवारी ओपीडीच्या बाकड्यावर भेटायचा. पहिल्या गुरुवारी विचारलं, गोळ्या घेतोस ना? "हो, घेतो की." दुसऱ्या गुरुवारीही तेच. तिसऱ्या गुरुवारी मी काहीच विचारलं नाही, शेजारी बसून शेंगा सोलत होते. तेव्हा हळूच म्हणाला, "मॅडम, लघवी लाल व्हायला लागली. रक्त जातंय वाटून आठव्या दिवशीच बंद केल्या." टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-केशरी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. कुणीतरी ते एका वाक्यात सांगायचं राहिलं होतं आणि सहा महिन्यांचे उपचार आठवड्यात बसले होते. त्याला पहिल्याच दिवशी बोलतं करण्याची युक्ती कुठल्या कोर्सात असेल तर मलाही कळव. मला तीन गुरुवार लागले.

तेव्हापासून "समजलं का?" हा प्रश्न मी टाकून दिला. त्यावर सगळेच हो म्हणतात. "घरी गेल्यावर बायकोला काय सांगशील?" असं विचारते. मग कळतं त्याला काय कळलंय ते. आणि "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे तू दोन्ही वेळा म्हणालीस, तुझ्याच पत्रात आहे. ते बंद कर. तुला काय माहीत, ठीक होईल का?

रडलीस त्याचं मला काही नाही. मी त्याच जिन्यात रडले आहे, तिसऱ्या पायरीवर, कारण खालच्या दोन पायऱ्यांवर मामा लोक डबा खात बसायचे. रडून झालं की तोंड धुऊन वर जायचं असतं, आणि तू बस पकडलीस. राग आहे तो तेवढाच.

परवा गुरुवार आहे. सकाळच्या राउंडनंतर जा, अकराच्या सुमारास. वही नेऊ नकोस, पेन ने, फॉर्म भरायला लागतं. आधी आजींचा केसपेपर मागून बघ, मग खाली खिडकीशी जा. तोवर त्यांना डिस्चार्ज मिळाला असेल तर पंधरा नंबरला बस.

आणि हो. चार पानं लिहिलीस, त्यात तुझा गोंधळ आहे, तुझी भीती आहे, मार्कसुद्धा आहेत. आजींचं नाव कुठेच नाही. तेवढं विचारून ये.