आयर्लंडमधल्या एखाद्या स्थानिक रग्बी क्लबबद्दल सांगाल का? मला फक्त मन्स्टर माहीत आहे.

मग लिमरिक शहरातल्या शॅनन क्लबपासूनच सुरुवात करा. मन्स्टर हा प्रांताचा संघ. त्याला माणसं पुरवली ती अशा क्लबांनी, आणि त्यात शॅननचा वाटा फार मोठा आहे.

क्लब १८८४ सालचा, सेंट मेरीज पॅरिशमधला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीतला. शॅनन आणि ॲबी नद्यांच्या मधल्या किंग्ज आयलंडवरची ही जुनी वस्ती. डब्लिनमध्ये रग्बी मुख्यतः महागड्या शाळांमधल्या मुलांचा खेळ. लिमरिकमध्ये मात्र तो कामगारांच्या गल्ल्यांत वाढला. प्रांतातल्या क्लबांची स्पर्धा असलेला मन्स्टर सीनियर कप शॅननच्या हाती पहिल्यांदा लागला १९६० साली, म्हणजे तब्बल ७६ वर्षांनी!

१९७८ साली लिमरिकच्या थोमंड पार्क मैदानावर मन्स्टरने न्यूझीलंडला १२-० हरवलं. त्या संघातले ब्रेंडन फोली, जेरी मॅकलॉक्लिन आणि कॉलम टकर शॅननचेच.

१९९० मध्ये क्लबांची अखिल आयर्लंड लीग सुरू झाली. १९९२ ते १९९८ सलग सात वर्षं तिच्या विजेतेपदाने लिमरिकची वेस ओलांडली नाही. त्यातली शेवटची चार शॅननची. पुढे २००२, मग २००४ ते २००६ अशी हॅटट्रिक, आणि २००९. एकूण नऊ विजेतेपदं, इतकी दुसऱ्या कुणाचीच नाहीत.

पण मला या सगळ्यापेक्षा मोठी वाटते ती २००६ च्या युरोपियन कप फायनलमधली मन्स्टरची पहिली फळी. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी भिडतात, तेव्हा समोरच्यांच्या मानेला मान लावून सगळा भार झेलतात ते पुढचे तिघे. त्या दिवशी तिथे होते मार्कस होरन, जेरी फ्लॅनरी आणि जॉन हेज, तिघेही शॅननचे. कर्णधार अँथनी फोली, तोही शॅननचा, वर उल्लेख केलेल्या ब्रेंडनचा मुलगा. बिआरिट्झविरुद्ध २३-१९ असा विजय मिळाला आणि मन्स्टरने हा कप पहिल्यांदा उचलला. एका पॅरिशच्या क्लबने याहून जास्त काय द्यायचं?

१९९५ मध्ये रग्बी व्यावसायिक झाली आणि हळूहळू बडे खेळाडू प्रांताचेच झाले, क्लबच्या सामन्यांची गर्दी ओसरली. याची मला मनापासून खंत वाटते. २००९ नंतर शॅननला लीग जिंकता आलेली नाही. तरी लिमरिकला गेलात तर मन्स्टरच्या तिकिटासोबत एखादा क्लबचा सामनाही बघा. शॅननची गॅरीओवेन किंवा यंग मन्स्टर या लिमरिकच्याच क्लबांशी गाठ असेल तर उत्तमच, या शहरातलं खरं वैर तेच.