नवऱ्याला मकाव (मोठा परदेशी पोपट) पाळायचा आहे, मला नको. तुमच्या घरी असे वाद होतात का? शेवटी कोणाचं चालतं?

होतात. तुमचं निदान पिंजऱ्यात मावणाऱ्या पक्ष्यावर अडलंय. आमच्या अंगणात माझ्याहून उंच इमू, शहामृगासारखा ऑस्ट्रेलियातला पक्षी, फिरतो, आणि तो कायम माझ्या मर्जीविरुद्ध फिरत आलाय.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. कपाशी, तूर, सोयाबीन, एवढंच पीक. 2010 च्या आगेमागे इकडे इमूचं वारं सुटलं होतं. कृषी केंद्राच्या काउंटरवर बियाण्याच्या पाकिटांशेजारी इमूची रंगीत पत्रकं असायची. मांसात चरबी कमी, तेल गुडघेदुखीवर, कातड्याच्या पर्सा, पिसांचे ब्रश, अंड्याच्या कवचावर नक्षीकाम. म्हणजे पक्ष्याचं काहीच वाया जात नाही, असा सगळा हिशेब. आमच्या ह्यांनी बँकेचं कर्ज काढून जोड्या आणल्या. मी तेव्हा एकच विचारलं होतं, "हे खाते कोन?" पत्रकात तेवढंच लिहिलेलं नव्हतं.

धंद्याची गोम तिथंच होती. पिल्लं विकणारा पुढच्या शेतकऱ्याला पिल्लं विकायचा, तो त्याच्या पुढच्याला. बोकडाचं मटण सोडून इमूचं मांस मागणारं गिऱ्हाईक वर्ध्यात नव्हतं नि नागपुरातही नव्हतं. कापायची सोय नाही, तेल काढायची नाही. नवीन शेतकरी फसायचे थांबले की साखळी तुटणार, हे कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं. 2012 च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत, इरोडजवळच्या पेरुंदुराईची एक मोठी इमू कंपनी बुडाली, हजारो लोकांच्या ठेवी अडकल्या, आणि मग सगळीकडेच हातपाय गळाले. आम्हाला पक्षी परत विकत घेण्याचा करार ज्यानं लिहून दिला होता, त्याचा फोन त्याच्या आधीच लागेनासा झाला होता. काही ठिकाणी लोकांनी पक्षी रानात सोडून दिले. आमचे काही मेले, काही मातीमोल भावानं गेले. एक नर राहिला. त्याचं नाव तलाठी, कारण तो मान वर करून संथपणे दुसऱ्याच्या वावराच्या धुऱ्यावरून चालतो. (खऱ्या तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. आमच्याची बढती झालेली नाही.)

मग पुढची सगळी वर्षं आमच्या घरात हा संवाद चालू आहे :

"इकून टाका ना आता त्याले."

"कोन घेते?"

"मंग फुकटात देऊन टाका."

"फुकटात तरी कोन घेते?"

इमू पाळीव स्थितीत वीस वर्षं सहज जगतो, काही तर तिशीपर्यंत जातात. हे पत्रकात होतं, पण फायदा म्हणून छापलेलं.

माझी तक्रार त्याच्या दिसण्याबद्दल नाही. पिसं तर पाहण्यासारखी असतात, एकाच मुळातून दोन-दोन निघतात, लांबून गवताची पेंढी चालत आल्यासारखी वाटते. तक्रार आहे ती चकचकीत वस्तूंची. इमूला दात नाहीत, म्हणून तो दाणा दळायला खडे गिळतो. हे ठीक. पण खड्यात आणि ब्लाउजच्या हुकात त्याला फरक कळत नाही. बाटल्यांची झाकणं, खिळे, जे चमकेल ते पोटात. धुणं वाळत घालताना मला पिना तोंडात धरायची सवय होती, ती मोडली. आणि तुरीच्या फुलोऱ्यात घुसला की शेजारी भांडायला माझ्याकडे येतात, कारण मी घरी असते.

सगळ्यात मोठं भांडण पाण्याचं. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो, नळ दिवसाआड येतो, आणि इमूला पाणी नुसतं प्यायला लागत नाही, लोळायला लागतं. ओल्या मातीत अंग टाकून तो डोळे मिटतो. ती माती ओली कोण करायचं? गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, डोक्यावर घेऊन येणारी मी, आणि नळीखाली पडलेला हा. एका उन्हाळ्यात मी सरळ म्हटलं, आजपासून ह्याच्या पाण्याचा एक थेंब मी आणणार नाही. हे दोन दिवस रुसले, मग वावरातल्या विहिरीवरून मोटारसायकलला कॅन बांधून आणायला लागले. अजून आणतात. खरं सांगायचं तर आमचा निम्मा वाद त्या दिवशी संपला. प्राणी घरात असावा की नसावा हा प्रश्न आम्हा दोघांत कधी नव्हताच, त्याचं शेण कोण उचलतं हा होता.

ह्यांचा आवडता मुद्दा मात्र वेगळाच. 1932 साली पश्चिम ऑस्ट्रेलियात इमूंनी गव्हाची शेतं तुडवली, तर सरकारनं लुईस मशीनगना देऊन फौज पाठवली. इमू पांगायचे, पळायचे, गोळ्या वाया जायच्या. शेवटी फौज परत बोलवावी लागली. ही गोष्ट पानठेल्यावर सांगून झाली की घरी येऊन मला सांगतात, "मिल्ट्रीले नाही आवरला, तुले काय आवरते?"

त्याला माझ्याकडे एक उत्तर आहे. मादी होती तेव्हाची गोष्ट. इकडे इमू हिवाळ्यात अंडी घालतात. अंडं गडद हिरवं, वजनाला अर्ध्या किलोच्या वर. मादी अंडी घालून बाजूला होते, बसतो तो नर. आठ आठवडे. जवळजवळ खाणं नाही, पाणी नाही, उठला तर अंडी उलटवायला. अंगावर साठवलेल्या चरबीवर काढतो, वाळून जातो. तेव्हा आमची धाकटी पाळण्यात होती आणि हे रात्री तिच्या रडण्यानं कधी उठले नव्हते. मी खाटेवरूनच म्हटलं, "पाहा जरा, नर काय करून राह्यला." हसले. पण त्या हिवाळ्यात पहाटेचं दूध गरम करायचं काम त्यांनी केलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच पाहिजे.

आता त्यांचीही बाजू ऐका. कोठ्यात माझ्या बापाची रेंगी उभी आहे. रेंगी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी. चाकांच्या लोखंडी धावा अजून शाबूत आहेत, वरचा तट्टा गेलाय. बैल आमच्याकडे नाहीत, त्यामुळे ती कुठे जात नाही, आणि तिच्यापायी कुटाराला, म्हणजे भुश्याला, जागा पुरत नाही. ह्यांचं म्हणणं, इमू निदान स्वतःच्या पायानं चालतो. नागपूर रोडवरच्या हॉटेलात शोभेला ठेवायला म्हणून एक माणूस ती मागायला आला होता. मी तेव्हा सेतू केंद्रात फॉर्म भरत होते, माझं कामच ते. दारात सासूबाई भेटल्या. त्यांनी त्या माणसाला सांगितलं, "रेंगी पाहिजे तं इमूबी न्या लागते." तो चहा न घेता गेला. सासूबाई नेमक्या कोणाच्या बाजूनं बोलल्या, ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही.

तान्ह्या पोळ्याला गावातले पोट्टे लाकडी नंदी सजवून निघतात तेव्हा तलाठ्याच्याही गळ्यात चवरे-घुंगराची माळ घालतात. माळेतले घुंगरू संध्याकाळपर्यंत कमी झालेले असतात. कुठे गेले ते सांगायला नको.

आता तुमचा मकाव. सेतूवर बसत असल्यानं एवढं ठाऊक आहे : आपला साधा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, लोकांच्या ओसरीत कितीही पिंजरे दिसोत. मकाव परदेशी, तो ठेवता येतो, पण आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन असलेल्या यादीत तो आहे. म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते, आणि पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवावं लागतं. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर तिथूनच परत फिरा. आवाजाचं म्हणाल तर फ्लॅटच्या वरचे-खालचे सगळे ऐकतील. आणि मोठे मकाव पन्नास वर्षंही जगतात. नवऱ्याचं वय त्यात मिळवून बघा, म्हणजे पुढे त्याचं करणार कोण हे कळेल. हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा, शब्दानं सांगू नका, शब्द पुरुषांना ऐकू येत नाहीत.

तरीही आणलाच, तर अर्जात मालक म्हणून नाव त्यांचंच टाका.