तब्येत यथातथाच असताना आफ्रिकेत पहिल्यांदा शिकारीला जायचं तर आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ६६, मुक्काम न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियात मित्रांबरोबर हरणाची शिकार केलेली. हृदयात दोन स्टेंट, इन्सुलिन चालू, उजवा गुडघा दुखरा, आणि एक जिना चढलं की धाप लागते. झिंबाब्वेत, झांबेझीच्या खोऱ्यात, केप बफेलोची, म्हणजे आफ्रिकी रानरेड्याची, दहा दिवसांची शिकार पाहून ठेवली आहे. बायकोचा ठाम नकार आहे. जावं का, आणि जायचं तर कसं?

जा. पण झांबेझीला नको, आणि बफेलोच्या मागे तर मुळीच नको.

मी दक्षिण आफ्रिकेत, प्रिटोरियात राहतो. माझी अँजिओप्लास्टी झालेली आहे, मधुमेह जुना आहे, आणि तरीही हिवाळ्यात सहकाऱ्यांबरोबर शिकारीला जातो. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल खाली जे लिहितोय ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणूनच वाचा. शिकार करावी की नाही, हा वाद इथे घालत नाही. भारतात १९७२ पासून ती बंद आहे, इथे ती कायदेशीर आहे, आणि तुम्ही विचारलं आहे ते तब्येतीबद्दल.

आधी बफेलो का नको ते सांगतो. ही शिकार पायांची असते. पहाटे ताजा माग शोधायचा आणि कळप गाठेपर्यंत चालत राहायचं. दिवसाला दहा-पंधरा किलोमीटर सहज होतात. झांबेझीचं खोरं सखल आणि तापट आहे, ऑक्टोबरात पारा चाळीसच्या वर जातो. मलेरिया आहेच. छातीत दुखायला लागलं तर छोटं विमान बोलवून हरारेला किंवा थेट जोहान्सबर्गला न्यावं लागतं, आणि रात्री असं विमान कच्च्या धावपट्टीवर उतरेलच असं नाही. शिवाय रायफल .३७५ बोअरची किंवा त्याहून मोठी, म्हणजे खांद्याला बसणारा धक्काही तसाच. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. जखमी बफेलो झुडपात दबा धरून उलटतो. एक जिना चढून दमणारा माणूस तिथे स्वतःबरोबर वाट दाखवणाऱ्यांचाही जीव धोक्यात घालतो. ते लोक तुम्हाला नाही म्हणणार नाहीत, कारण तुम्ही पैसे भरलेले असतात.

त्याऐवजी दक्षिण आफ्रिकेतल्या एखाद्या खासगी गेम फार्मवर, म्हणजे शिकारीची जनावरं राखलेल्या शेतावर, इम्पाला आणि ब्लेसबॉक ही हरणं, वॉर्टहॉग हे रानडुक्कर, नू आणि नशीब असेल तर एक चांगला कुडू, म्हणजे पिळदार शिंगांचं मोठं हरण. शिकारी याला प्लेन्स गेम म्हणतात. पहिल्या खेपेला धडधाकट माणसानंही हेच करावं असं माझं मत आहे. तुमच्यासाठी याचा मोठा फायदा म्हणजे जनावर ठरवण्याआधी जागा ठरवता येते, आणि जागा ठरवताना पहिला प्रश्न हा, की अँजिओग्राफी होईल असं हॉस्पिटल गाडीनं किती तासांवर आहे. मी स्वतः दोन तासांच्या पलीकडे जात नाही.

जागेबाबत दोन गोष्टी बघा, मलेरिया आणि उंची. मलेरिया मुख्यतः क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचा सखल पट्टा आणि लिम्पोपो प्रांताचा उत्तर-पूर्व भाग इथे असतो. पूर्व केप, फ्री स्टेट आणि किम्बर्लीच्या आसपास नसतो. मलेरिया नसलेली जागा घेतली की मलेरियाच्या गोळ्यांचा गुंता सुटतो. तुमच्यासारख्या रुग्णाला त्या गोळ्या साध्या नाहीत: मेफ्लोक्विन हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असलेल्यांना सहसा देत नाहीत, मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल चालत नाही, आणि डॉक्सिसायक्लिननं उन्हात कातडी भाजते. नामिबियाची मध्य पठारंही मलेरियामुक्त आहेत, शिकार उत्तम आहे, पण विंडहुक सुमारे १,६५० मीटरवर आहे आणि शहर सोडलं की खडीचे लांबच लांब रस्ते. जोहान्सबर्ग तर १,७५० मीटरच्या आसपास. धाप हृदयामुळे लागते की फुप्फुसामुळे हे कळल्याशिवाय इतक्या उंचीवर मुक्काम ठोकू नका. पूर्व केपमध्ये, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथच्या आणि आताच्या ग्केबेऱ्हाच्या आसपास, तुम्ही जवळजवळ समुद्रसपाटीला असता आणि शहरात चांगली खासगी हॉस्पिटलं आहेत. तुमच्या जागी मी असतो तर तिथेच गेलो असतो. तिथे टेकड्या आहेत हे खरं, पण गाडीचे रस्ते बरेच वरपर्यंत जातात.

आता आउटफिटर, म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था करणारा. त्याला पहिल्याच ईमेलमध्ये सगळं लिहा: स्टेंट, इन्सुलिन, गुडघा, सपाटीवर न थांबता किती चालता येतं ते मीटरमध्ये. लाजू नका. आपल्याकडे दुखणं झाकून ठेवायची खोड आहे, आणि लग्नाच्या मांडवात ती खपतेही. इथे पहिल्याच सकाळी उघडं पडतं आणि मग उरलेले दिवस सगळेच अवघडतात. उत्तरात तो ‘काळजी करू नका’ एवढंच लिहील तर सोडून द्या. ‘तुमच्या खोलीला पायऱ्या नाहीत, इन्सुलिनसाठी फ्रिज आहे, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, जवळचं हॉस्पिटल इतक्या किलोमीटरवर आहे’ असं लिहिणारा माणूस तुमचा. पीएच, म्हणजे सोबत राहणारा परवानाधारक प्रोफेशनल हंटर, फक्त तुमच्यासाठी मागा. दोघांत एक पीएच स्वस्त पडतो, पण मग चालण्याचा वेग दुसरा शिकारी ठरवतो.

शिकारीची पद्धत तुमच्यासाठी उघड आहे: पाणवठ्यावरचं लपण. जिथे हिवाळा कोरडा असतो तिथे मे ते ऑगस्टमध्ये बहुतेक जनावरांना पाण्यावर यावं लागतं. लपणात खुर्ची असते, बंदूक टेकवायला फळी असते, आणि अंतर बहुधा शंभर मीटरच्या आतलं. काही हाडाचे शिकारी याला कमी लेखतात. लेखू देत. त्या पाच-सहा तासांत जे दिसतं ते मागावर चालणाऱ्याला दिसत नाही: वॉर्टहॉगची पिल्लं, भांडणारे इम्पाला, पाणी पिण्याआधी दहा मिनिटं नुसता उभा राहणारा कुडू. रोज लपणात बसायचा कंटाळा आला तर एखादी सकाळ सपाटीवर, गाडीपासून दोन-तीनशे मीटरच्या आत, हळू चालत काढता येते.

गाडीतून गोळी झाडण्याबद्दल नीट विचारून घ्या. दक्षिण आफ्रिकेत संकटग्रस्त आणि संरक्षित यादीतल्या प्राण्यांबाबत २००७च्या नियमांनी त्यावर बंधनं आहेत, पण त्याच नियमांत वृद्ध आणि शारीरिक अपंगत्व असलेल्या शिकाऱ्यांना सूट ठेवली आहे. बाकी प्राण्यांना प्रांताचे वेगळे नियम लागतात. आउटफिटरकडून लेखी घ्या.

आणि एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा, जी पहिल्या खेपेचे लोक बहुधा ठरवत नाहीत: जनावर जखमी होऊन पळालं तर काय? शिकारीचा रिवाज असा, की ज्यानं गोळी मारली त्यानं शेवटपर्यंत मागे जायचं. तुम्हाला ते झेपणार नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी पीएचला सांगा, की रक्ताचा माग दोनशे मीटरच्या पुढे गेला तर तू आणि ट्रॅकर, म्हणजे माग काढणारा, पुढे जा, शेवटची गोळी तू मार. यात मानापमान नाही. त्या जनावराचे हाल लवकर संपतात. पैशांचं गणितही लक्षात ठेवा: रक्त सांडलं की जनावर सापडो न सापडो, त्याची ट्रॉफी फी, म्हणजे त्या जनावराची ठरलेली किंमत, भरावी लागते. त्यामुळे अंतर जास्त असेल, हात थरथरत असेल किंवा धाप बसली नसेल तर चाप ओढू नका. पीएच कितीही कुजबुजला ‘मार, मार’, तरी. सराव घरीच करा: तिपाई काठ्यांवर रायफल ठेवून, उभ्यानं, आधी थोडं चालून श्वास चढल्यावर. आफ्रिकन हरणांचं हृदय तुमच्या पेनसिल्व्हेनियाच्या हरणापेक्षा पुढे आणि खाली असतं, पुढच्या पायाच्या अगदी रेषेत. खांद्यामागे नेम धरायची सवय तिथे जनावर जखमी करते.

रायफल घरून आणू नका, फार्मवर भाड्यानं घ्या. पंधरा तासांच्या प्रवासानंतर विमानतळावर बंदूक देशात आणायच्या परवान्यासाठी, पोलिसांच्या एसएपी ५२० फॉर्मसाठी, ताटकळायचं, आणि वर ती जड पेटी ओढायची, हे तुम्हाला नको. इथल्या बहुतेक रायफलींना सायलेन्सर असतो, त्यानं धक्काही कमी बसतो. इम्पाला-कुडूला .३०८ पुरते. हे वाचणाऱ्या कुणाला पेसमेकर असेल तर त्यांनी ज्या खांद्याखाली तो बसवला आहे त्याच खांद्यावर बंदूक टेकवण्याआधी डॉक्टरांना विचारावं. धक्क्यानं आतल्या तारांना इजा होऊ शकते.

दिवसाचा क्रम साखरेच्या दृष्टीनं अवघड असतो. पहाटे कॉफी आणि कडक रस्क, मग बाहेर, आणि पोटभर जेवण थेट अकराच्या सुमारास. घरच्या वेळेनं इन्सुलिन घेऊन बाहेर पडलात तर नऊ वाजता लपणात साखर खाली येईल, आणि तेव्हा तुमच्या हातात भरलेली बंदूक असेल. बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, चालू असेल तर थरथर, धडधड या नेहमीच्या खुणाही नीट जाणवत नाहीत. माझा नियम असा: बंदूक हातात घेण्याआधी साखर तपासायची, आणि पीएचला माझ्या खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या कुठल्या बाजूला आहेत हे माहीत असलं पाहिजे. इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेतच ठेवा, खालच्या सामानात गोठू शकतं. पहाटे उघड्या गाडीतही तेच भय, म्हणून जॅकेटच्या आतल्या खिशात. पठारावर जून-जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि गार वाऱ्यानं छाती आवळल्यासारखी वाटते हे स्टेंटवाल्यांना सांगायला नको. लोकरीची टोपी, मफलर, आणि नायट्रेटची गोळी हाताशी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे काट्याचा साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो, तेव्हा पूर्ण बाह्या आणि घट्ट पट्टीचं सामान जवळ हवं. गोचीड चावून येणारा तापही इथे नेहमीचा. रोज रात्री अंघोळीच्या वेळी अंग तपासा.

प्रवास नेवार्क ते जोहान्सबर्ग थेट करा. पायांना घट्ट बसणारे स्टॉकिंग्ज, मधल्या वाटेकडेची खुर्ची, तासा-दोन तासांनी फेरी. विमानातली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते, त्यामुळे तुमच्या धापेची तपासणी तिकिटाआधी व्हायला हवी. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे येऊन तिथे बारा तासांहून जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचा दाखला मागते, आणि साठीनंतर त्या लशीचे गंभीर दुष्परिणाम जास्त दिसतात. इथून पुढे मुंबईला जाणार असाल तरी दुबई किंवा दोहामार्गे जा, म्हणजे तो प्रश्नच येत नाही. शिंगं-कातडी मात्र भारतात न्यायचा विचार नको. जे न्यायचं ते रीतसर कागद करून अमेरिकेलाच.

विमा सगळ्यात महत्त्वाचा. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा अमेरिकी सरकारी आरोग्यविमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही. जुनी दुखणी वगळणारी अट माफ व्हायला बऱ्याच पॉलिस्या पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच काढाव्या लागतात, म्हणून अनामत आणि विमा एकाच आठवड्यात. शिकार हा शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत आहे का ते वाचा. रानातून उचलून हॉस्पिटलपर्यंत नेणारी सेवा वेगळी घ्यावी लागते, ती घ्याच.

हे सगळं ठरवण्याआधी स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदयाची तपासणी. स्टेंट गेल्या वर्षभरातले असतील तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत अनामत भरू नका. तपासणी चांगली आली तर जर्सी शोअरच्या वाळूत बूट घालून रोज अर्धा तास चाला. महिन्याभरात गुडघा काय म्हणतो ते कळेल. दहा दिवसांऐवजी पाच दिवस शिकार, आधी दोन दिवस नुसता आराम.

राहिल्या वहिनी. त्यांना घरी ठेवून येऊ नका, सोबत आणा. शिकार न करणाऱ्या सोबत्याचा दर बराच कमी असतो, लपणात दोघांना जागा होते, आणि अॅडो हत्ती उद्यान ग्केबेऱ्हाहून तासाभरावर आहे. विम्याचा नंबर, औषधांची यादी आणि ईसीजीची प्रत त्यांच्या पर्समध्ये असू द्या. आउटफिटरशी पहिला व्हिडिओ कॉल कराल तेव्हा त्यांनाही बसवा. हॉस्पिटल किती लांब आहे हे त्यांनाच विचारू द्या.