जांभ्यावरची सायकल : वाचकांचे प्रश्न

जानेवारी उजाडला की गोव्यातले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची सपाट पठारे, कोरडेठाक पडतात, शर्यतींची गडबड सुरू होते आणि माउंटन बाइक चालवणाऱ्यांची पत्रे वाढतात. या वेळचे काही निवडक प्रश्न.

सायकल तीच, टायर तेच. नोव्हेंबरपर्यंत सड्यावरच्या वळणांत चाक घट्ट धरत होते, आता पुढचे चाक अचानक निसटते. दोनदा ढोपर फुटले. टायर २९ बाय २.१ इंच, आत ट्यूब, हवा ४० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप), वजन ६८ किलो. टायर बदलू का? (साखळी)

टायर झिजलेला नसेल तर दोष त्याचा नाही, जमीन बदलली आहे. आपल्या जांभ्याची वर्षात तीन रूपे असतात. पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते. ओल्या गुळगुळीत चिऱ्यावर कोणताच टायर धरत नाही, तिथे ब्रेकला हात न लावता सरळ निघून जायचे. पाऊस ओसरला की काही आठवडे माती दमट आणि दाबलेली असते, टायरचे दाते तिच्यात रुततात. त्या दिवसांत सगळेच चांगले सायकलस्वार असतात. डिसेंबरनंतर वरची माती धूळ होऊन उडते. खाली सिमेंटसारखा टणक थर आणि त्यावर वाटाण्याएवढी गोल खडी उरते. फरशीवर गोट्या पसरून त्यावरून वळायचे, तसला प्रकार.

अशा जमिनीवर ४० पीएसआय फारच झाले. फुगलेला टायर खडीवर नुसता तरंगतो, दाते टणक थरापर्यंत पोचतच नाहीत. ट्यूब आहे तोवर पुढे २७ आणि मागे ३० वर या. त्याहून फार खाली गेलात तर दगडावर आपटून ट्यूब रिमच्या दोन कडांत चिमटेल आणि शेजारी शेजारी दोन भोके पडतील. मग एकाच वळणावर पाच-सहा वेळा जाऊन बघा आणि दर खेपेला फक्त एक पीएसआय कमी-जास्त करा. फुटपंपाचा काटा कमी दाबाला नेमका नसतो, म्हणून पंप किंवा गेज नेहमी एकच वापरा. त्याचा आकडा खरा नसला तरी रोज सारखाच चुकला म्हणजे काम भागते. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्याला अर्थ नाही.

पुढे-मागे खर्च करायचाच असेल तर आधी फक्त पुढचा टायर २.३५ किंवा २.४ चा, कडेचे दाते ठळक असलेला घ्या आणि तो ट्यूबलेस करा, म्हणजे आत ट्यूब न घालता भोके बुजवणारा द्रव (सीलंट) घालून वापरा. तुमच्या वजनाला त्यात २० ते २२ पीएसआय पुरेल. घेण्यापूर्वी रिमची आतली रुंदी (२५ मिलिमीटरच्या वर असावी) आणि फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात) दोन्ही बाजूंना बोटभर जागा आहे का, ते पाहा.

आणि वळण्याची पद्धत. भीती वाटली की माणूस आपोआप मागे सरकतो, पुढच्या चाकावरचा भार हलका होतो आणि नेमके तेच चाक सुटते. ब्रेक वळणाच्या आधी संपवा. वळणात बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, सगळे वजन त्यावर, कोपरे बाहेर, हनुवटी हँडलच्या वर. सायकल आत झुकवा, स्वतः तिच्याबरोबर झुकू नका.

ट्यूबलेस केले, पण रात्रीत हवा उतरते. सीलंटची अख्खी बाटली संपली. (म्हापसा)

हवा कुठून जाते ते आधी शोधा. सीलंट टायरचे भोक बुजवते, रिमच्या आत स्पोकची भोके झाकणारी टेप चुकली असेल तर ती चूक बुजवत नाही. चाक भरून साबणाचे पाणी फिरवा. बुडबुडे स्पोकच्या टोकांपाशी किंवा व्हॉल्व्हच्या भोकाच्या कडेने आले तर दोष टेपचा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद लागते. २५ च्या रिमला २८ ची. जुनी टेप काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कारण हाताचा तेलकटपणा राहिला तरी ती सुटते. टेप ताणून, व्हॉल्व्हच्या भोकापासून लांब सुरुवात करून दोन वेढे द्या. व्हॉल्व्हसाठी ब्लेडने चीर पाडू नका, ती पुढे फाटत जाते. टोकदार सळई किंचित तापवून गोल भोक पाडा. व्हॉल्व्हची नट हाताने घट्ट. पक्कड लावलीत तर वाटेत पंक्चर झाल्यावर ती सुटणार नाही आणि ट्यूबही घालता येणार नाही.

बुडबुडे टायरच्या कडेने आले तर टायर नीट बसलेला नाही. व्हॉल्व्हची आतली सुई काढा, कडेला साबणाचे पाणी लावा, जोरात हवा मारा. ‘टक, टक’ असे दोन आवाज यायला हवेत, एकेका कडेचा एक. तरी बसत नसेल तर आत ट्यूब घालून रात्रभर फुगवून ठेवा, सकाळी एकच कड सोडवून ट्यूब काढा. मग बसवायला एकच कड उरते.

सीलंट २९ बाय २.३ ला सुमारे १०० मिलिलिटर. घातल्यावर चाक हलवून दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटे आडवे ठेवा आणि लगेच फिरवून आणा. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत सुकते. चाक कानाशी धरून हलवा, आत खळखळले नाही तर पुन्हा भरा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरल्यास लेटेक्सच्या सीलंटच्या गुठळ्या होऊ शकतात, म्हणून ती शर्यतीपुरतीच.

संध्याकाळी किनाऱ्यावर ओल्या वाळूत सायकल चालवली तर चालेल का? (मोरजी)

चालवाल, पण पैसे मोजाल. खारे पाणी चेनपेक्षा जास्त नुकसान न दिसणाऱ्या जागी करते. स्पोकच्या निपल गंजतात, बेअरिंगमध्ये मीठ शिरते आणि सीटपोस्ट फ्रेममध्ये असा बसतो की पुढे कापूनच काढावा लागतो. गेलातच तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने, साध्या मगाने धुवा. गाड्या धुण्याचा जोराचा फवारा नको, तो मीठ आणि वाळू बेअरिंगच्या सीलच्या आत ढकलतो. महिन्याने एकदा सीटपोस्ट काढून ग्रीस लावा.

पावसाळाभर सायकल पडवीत होती. आता मागचा डिस्क ब्रेक भोंग्यासारखा ओरडतो आणि लिव्हर थेट हँडलला टेकते. दुकानदार म्हणतो ऑइल टाका. कोणते? (फोंडा)

हे दोन वेगळे आजार आहेत. ओरडणे बहुतेक वेळा तेलकट पॅडमुळे. चेनवर स्प्रे मारताना त्याचा तुषार रोटरवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीवर, बसतो, हे नेहमीचे कारण. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ फडक्याने पुसा, पॅड बारीक पॉलिश पेपरवर हलके घासा. पॅडमध्ये तेल मुरलेले असेल तर ते फेकून द्या. गॅसवर भाजून वाचवायच्या युक्त्या दोन दिवस टिकतात. पॅडचा घासणारा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला असेल तरीही बदला. नवे पॅड मुरवावे लागतात. सपाट रस्त्यावर साधारण ताशी २० किलोमीटर वेगावरून चालण्याच्या गतीपर्यंत या, चाक पूर्ण थांबू न देता, असे वीस वेळा. मग थोड्या जास्त वेगावरून दहा वेळा. हे टाळणारेच पुढे ‘ब्रेक लागत नाही’ म्हणून येतात.

लिव्हरचे वेगळे. चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर ती कडक होत असेल तर नळीत हवा आहे आणि ब्लीड करावे, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल. शिमानोच्या ब्रेकांत मिनरल ऑइल. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकांत डॉट ५.१ हे ब्रेकचे तेल, पण त्यांच्या काही नव्या मॉडेलांत मिनरल ऑइल, म्हणून लिव्हरच्या झाकणावर काय छापले आहे ते वाचूनच बाटली उघडा. चुकीचे तेल आतले रबरी सील फुगवते आणि अख्खा ब्रेक जातो. डॉट हवेतला ओलावा शोषते. उघडून ठेवलेली अर्धी बाटली गोव्याच्या पावसाळ्यानंतर वापरू नये, दुकानदाराचीसुद्धा. ते रंगावर सांडले तर रंगही उतरवते. आणि चाक काढलेले असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात.

चिखलात चालवायचे असेल तर रेझिनऐवजी मेटल पॅड जास्त टिकतात. मात्र रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशी सूचना कोरलेली असेल तर ते लावू नका.

आमच्या भागातले जुने खाणरस्ते सरावाला छान आहेत. काही धोका? (डिचोली)

आहे. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा हे रस्ते ओस पडले होते, आता काही ठिकाणी खनिजाचे ट्रक परत धावू लागले आहेत. रस्ता चालू आहे की नाही हे कडेच्या पानांवरची ताजी लाल धूळ सांगते. खाणीच्या लीजच्या (भाडेपट्ट्याच्या) हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. मातीच्या डंपवर तर मुळीच चढू नका, पावसानंतर ते खचतात.

त्याहून वाईट चिरेखाण. सड्यावर सपाट वाट चालू असते आणि अचानक चिरे कापून काढलेली सरळ उभी भिंत, खाली पाणी. कुंपण नाही, फलक नाही, कडेला गवत वाढलेले. अनोळखी सड्यावर पहिली फेरी चालत किंवा दिवसाउजेडी अगदी सावकाश मारा, रात्री दिवा लावून तिथे नवी वाट शोधू नका. अभयारण्यांत, म्हणजे म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला यांच्या हद्दीत, वनखात्याची परवानगी लागते.

मार्चमध्ये काजूच्या बागांतून जाणाऱ्या वाटेवर सराव करतो. माकडतापाची भीती कितपत खरी? (वाळपई)

खरी. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे, म्हणजे क्यासनूर वनज्वराचे, रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीमुळे होतो आणि डिसेंबर ते मे हा त्याचा काळ, म्हणजे नेमका तुमच्या सरावाचा आणि काजूच्या हंगामाचा. चालत्या सायकलवर धोका कमी, थांबल्यावर जास्त. पंक्चर काढायला पाचोळ्यात बसू नका, पिशवी जमिनीवर टाकू नका. लांब मोजे घाला, बूट आणि मोज्यांना कीटकरोधक लावा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मोज्याच्या कडेला बोट फिरवून बघा. लहान गोचीड तिळाएवढी असते. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा काडी नको. पुढच्या आठवडा-दहा दिवसांत अचानक मोठा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर आरोग्य केंद्रात जा आणि रानात फिरलो होतो हे आपणहून सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता कळवा.

बागेच्या मालकाला आधी विचारा, हे वेगळे सांगायला नको. बोंडे वेचण्याच्या दिवसांत ती वाट त्यांची.

पहिलीच शर्यत. पाच किलोमीटरच्या चार फेऱ्या, फेब्रुवारीत, सकाळी नऊला. शेवटच्या आठवड्यात काय करू? (मडगाव)

नवे काहीही नाही. नवा टायर, नवे बूट, नवे एनर्जी जेल (वाटेत खायचा गोड लगदा), सगळे पुढच्या महिन्यावर ढकला. एकूण तास निम्मे करा, वेग मात्र सोडू नका. मंगळवारी आणि गुरुवारी तासाभराच्या फेरीत तीन-तीन मिनिटांचे चार जोरदार चढ. आदल्या दिवशी ४० मिनिटे, त्यातच मार्गाची एक फेरी. त्या फेरीत दोन गोष्टी टिपा: सुरुवातीपासून पहिल्या अरुंद पायवाटेपर्यंत अंतर किती, आणि शेवटचे पुढे काढण्याजोगे ठिकाण कोणते. अरुंद वाट लवकर येत असेल तर सुरुवातीला थोडा जास्त जोर लावणे परवडते, कारण आत रांग लागली की तुमचा वेग पुढच्याच्या हातात. वाट उशिरा येत असेल तर पहिल्या चढावर कुणाच्या मागे धावू नका. पहिल्या फेरीत दमलेला माणूस तिसऱ्या फेरीत सायकल ढकलत दिसतो.

ऑलिम्पिक प्रकारच्या शर्यतीत आंतरराष्ट्रीय नियमानुसार सर्वांत पुढच्याच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांहून जास्त मागे पडलेल्यांना बाहेर काढतात. स्थानिक शर्यतीत नियम वेगळा असू शकतो, सूचना देतात तेव्हा लक्ष द्या. हँडलच्या दोन्ही टोकांना बूच हवेच; उघडी नळी पोटात घुसते, म्हणून तपासणीत थांबवतात.

आता पिण्याचे. नऊला सुरू होणारी दीड तासाची शर्यत फेब्रुवारीतही घामाने भिजवते. सरावाच्या आधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा. एक किलो कमी झाले म्हणजे, वाटेत प्यायलात त्याखेरीज, एक लिटर गेले. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत वजनकाट्यावर मोजून ४५ ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ, लिंबू. तासाला ६० ग्रॅम साखर पोटात जावी, उरलेली केळ्यातून किंवा जेलमधून. कोकमाचे आगळ घालणार असाल तर मीठ निम्मे करा, आगळात ते आधीच असते. सोलकढी शर्यत संपल्यावर; नारळाचे दूध चढावर वर येते.

चेन किती किलोमीटरनंतर बदलायची? (काणकोण)

किलोमीटरवर जाऊ नका. लाल धुळीत एकाची चेन एका हंगामात संपते, दुसऱ्याची दोन हंगाम चालते. स्टीलची पट्टी एका पिनच्या मध्यावर धरा आणि २४ पिना पुढे मोजा. नवी चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. ११ किंवा १२ गियरची चेन ३०६.३ ला पोचली की बदला, ९-१० गियरची ३०७ पर्यंत चालेल. त्यापुढे गेलात तर कॅसेटचेही (मागच्या चाकावरच्या गियरच्या चकत्यांचेही) दाते झिजतात आणि नवी चेन त्यावर उडते. पावसात जाड तेल, आता कोरड्यात पातळ तेल किंवा मेण. जाड तेलात लाल धूळ मिसळली की धार लावायची पेस्ट तयार होते. तेल प्रत्येक रोलरवर एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून टाका, फडक्यावर लाल उमटायचे थांबेपर्यंत.